समोरच्या गच्चीवरचे पगडीवाले

रविवार, १२ फेब्रुवारी १९५६

आमच्या घरावर पाळत आहे. सॉलिसिटरच्या कचेरीत चौतीस वर्षे हेडक्लार्की केली, त्यामुळे एवढे पक्के ठाऊक आहे की तारीख-वेळ लिहून ठेवली नाही तर झालेली गोष्टही झाली नव्हती असे ठरवता येते. म्हणून आजपासून ही वही.

घरात आम्ही दोघेच. मी, वय सहासष्ट, आणि नलू. नलू तीस वर्षांची, मुलींच्या शाळेत शिकवते, लग्न केलेले नाही. तिची आई जाऊन सहा वर्षे झाली. फणसवाडीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि पुढे सज्जा. शाळा सुटली की नलू समितीच्या कामाला जाते, घरी आली की जमिनीवर कागद पसरून फलक रंगवते. मुंबईसह महाराष्ट्र मिळाला पाहिजे हे मलाही मान्य आहे. पण जानेवारीत आमच्या कोपऱ्यावर गोळ्या चालल्या, त्यानंतर शेजारच्या गल्लीतून तिघांना उचलून नेले. बाप म्हणून काळजी वाटतेच.

काल रात्री सव्वा वाजता जाग आली. खिडकीशी गेलो. समोरच्या गच्चीवर तीन इसम उभे. हलत नव्हते, बोलत नव्हते. तिघांच्या डोक्यावर बांधीव पगड्या, माझे आजोबा कचेरीत घालून जात तशा. पोलीस खाते पगड्या केव्हापासून वापरू लागले? वेषांतर असावे. मी दिवा न लावता अर्धा तास उभा राहिलो. तेही राहिले. डोळे चोळून पुन्हा पाहिले तर गच्ची रिकामी.

वर्तमानपत्रात पाळतीबद्दल काही आले आहे का ते पाहणार होतो. पण छापखानेवाले हल्ली शाईत पाणी घालतात की काय कोण जाणे, अक्षर लागत नाही. मीही जाड निब घेतले आहे.

बुधवार, १५ फेब्रुवारी

नलूला म्हटले, खोलीतला दिवा बदल, साठाचा लाव, हा फार मिणमिणता आहे. ती म्हणाली, "अप्पा, हा शंभराचा आहे. परवाच बदललाय." दुकानदाराने फसवले असणार. पूर्वी शंभराचा दिवा म्हणजे लख्ख उजेड पडायचा.

रात्री पावणेदोन. सज्जात एक बाई उभी होती. जरीकाठी लुगडे, पदरावर बुट्टे. बुट्टे मी मोजले, एका ओळीत अकरा. इतक्या अंधारात इतके स्वच्छ दिसले, तेव्हा माझ्या नजरेत काही दोष नाही हे उघड आहे. बाई माझ्याकडे पाहतही नव्हती. अशा बायकाही खात्यात घेतात वाटते.

एवढ्यात मागेही कोणीतरी उभे आहे असे वाटले. पाठीवर नजर जाणवते, तसे. वळलो. कोणी नाही, फक्त आतल्या खोलीचा पडदा हलत होता. आत जाऊन पाहिले तर नलू डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपलेली. पायांत चपला तशाच. दमून पडते बिचारी.

सोमवार, २० फेब्रुवारी

शामरावाचे नाव आज लिहून ठेवतो. आमच्याच मजल्यावर जिन्यालगतच्या खोलीत राहतो. पस्तिशीचा, कमी बोलणारा, अंगाला औषधांचा वास. नाक्यावरच्या दवाखान्यात कंपाउंडर आहे. मूळ घर लालबागला, बाप गिरणीत. या माणसाचा दरवाजा मध्यरात्री दोन-दोन वाजेपर्यंत किलकिला असतो आणि तो जिन्याजवळ स्टूल टाकून अंधारात बसलेला असतो. मी दोनदा पाहिले. कशासाठी?

आज जिन्यात भेटला. न विचारता माझे कोपर धरले आणि हळू आवाजात म्हणाला, "अप्पासाहेब, राग मानू नका. डोळे एकदा दाखवून घ्या. उशीर बरा नाही."

मी म्हटले, "माझे डोळे ठणठणीत आहेत. आणि ते रात्री काय काय पाहतात तेही मला ठाऊक आहे. समजलं?"

त्याचा चेहरा पडला असावा. जिन्यात उजेड कमी, नीट दिसला नाही. पण गप्प झाला. ज्याच्या मनात काही नसते तो असा गप्प होत नाही.

मंगळवार, २८ फेब्रुवारी

हे लिहू की नको याचा दिवसभर विचार केला. खरे लिहायचे नसेल तर वही कशाला?

काल रात्री एक जण खोलीत आला. कपाटाजवळ उभा. लांब कोट, पगडी, चेहरा शांत. "कोण?" म्हणून विचारले, तो बोलला नाही. मी खाली पाहिले. त्याला पाय नव्हते. कोट संपत होता तिथे माणूस संपत होता. मी हात पुढे केला तर हाताला कपाटाची मूठ लागली.

माझी धाकटी मावशी ठाण्याच्या वेड्यांच्या इस्पितळात गेली ती परत आली नाही. आई आम्हाला तिला भेटायला नेत असे. मावशी भिंतीशी बोलायची, हसायची, आमच्या डोक्यावरून पलीकडे पाहायची. मी बारा वर्षांचा असेन. परतताना आई वाटभर रडायची आणि कोणाला सांगायचे नाही म्हणून आमच्याकडून शपथा घ्यायची.

नलूला सांगणार नाही. तिला कळले तर शाळा सोडून माझ्या उशाशी बसेल. तिचे आयुष्य आधीच या दोन खोल्यांत चालले आहे.

ते पोलीसच असू देत. पोलीस असले तर फार बरे होईल.

शनिवार, ३ मार्च

काल संध्याकाळी जिन्याच्या वळणावर नलू आणि शामराव हलक्या आवाजात बोलत होते. माझी काठी वाजताच थांबले. नलूच्या हातून त्याच्या हाती की त्याच्या हातून तिच्या, पण एक घडी केलेला कागद गेला. मला झटकन उलगडा झाला. हा माझ्या भोळ्या मुलीकडून समितीची माहिती काढतो आहे.

आज सकाळी नळावर सगळा मजला जमला होता. शामराव बादली लावून उभा होता. मी तिथे गेलो आणि सगळ्यांदेखत म्हणालो, "याच्यापासून जपा. हा खबऱ्या आहे. रात्रभर जागून कोण आलं कोण गेलं ते टिपतो आणि वर पोचवतो."

शेजारच्या रमाबाई म्हणाल्या, "अप्पासाहेब, तोंडातून काय जातंय ते कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय. मी डोळ्यांनी पाहिलंय."

नलू ओरडली, "अप्पा!"

शामरावाने नळ बंद केला. म्हणाला, "नलूताई, राहू द्या. वडीलमाणूस आहेत." अर्धी भरलेली बादली घेऊन आत गेला.

मुलीचे रक्षण केले. समाधान वाटायला हवे होते. वाटत नाही.

मंगळवार, ६ मार्च

शामरावाच्या दारावर कोणीतरी कोळशाने तो शब्द लिहिला. दवाखान्यात लोक त्याच्या हातचे औषध घेईनात. काल तो खोलीला कुलूप लावून लालबागला बापाकडे निघून गेला.

नलू माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते, पाणी ठेवते, जाते. डोळे सुजलेले असावेत असे नाक ओढण्याच्या आवाजावरून वाटते.

आणि गच्चीवर काल सात जण होते. खबऱ्या गेल्यावर ते कमी व्हायला नकोत का? हा प्रश्न मला पहाटेपर्यंत सुटला नाही.

सोमवार, १२ मार्च

डावा हात गळ्यात आहे. हाड मोडले नाही, मुरगळले आहे. गुडघे सोलले. उजव्या हाताने लिहितो आहे.

शुक्रवारी रात्री दोनच्या सुमारास तीच जरीकाठाची बाई जिन्याच्या तोंडाशी दिसली. या वेळी तिच्याबरोबर एक लहान पोर. पोर पायरीकडे निघाले. अंधारात ते पडणार असे वाटून मी धावलो, हात घातला आणि हातात वारा आला. सात पायऱ्या खाली गेलो.

नलू धावत आली. रमाबाई कंदील घेऊन आल्या. मला उचलून खोलीत आणले. मी म्हणत होतो, "ते मूल... मुलाला बघा आधी." दोघी एकमेकींकडे वळल्या. मग मी नलूचा हात धरला आणि सगळे सांगितले. पगड्या, बुट्टे, पाय नसलेला माणूस, ठाण्याची मावशी. साठी उलटल्यावर मुलीपुढे असा रडलो.

नलू म्हणाली, "मला माहीत होतं अप्पा. तुम्ही रात्री उठून भिंत चाचपत फिरता. पडाल म्हणून मी पडद्याआड उभी राहायची. मागून बोलले तर दचकाल, म्हणून बोलायची नाही."

आज सकाळी रमाबाई पेज घेऊन आल्या आणि जे बोलल्या ते त्यांच्याच शब्दांत लिहितो. "तो शामराव इथे असता तर तुम्ही पडला नसतात. नलू दिवसभर शाळेत उभी, तिने किती जागायचं? म्हणून दोन वाजेपर्यंत तो जिन्याशी स्टूल टाकून बसायचा, तुमच्यासाठी. आणि खबऱ्या म्हणालात कोणाला? जानेवारीत गोळी लागलेली माणसं रात्री मागच्या दाराने दवाखान्यात आली, त्यांची नावं त्याने वहीत लिहिली नाहीत. पोलिसांनी दोन दिवस बसवून ठेवलं, तरी एक नाव दिलं नाही त्याने."

आणि तो घडी केलेला कागद? नलूने आणून दाखवला. मला वाचता आला नाही, तिने वाचला. ठाकुरद्वारच्या डोळ्यांच्या डॉक्टरचा पत्ता.

शुक्रवार, १६ मार्च

डॉक्टर तरुण आहे, बोलणे मोकळे. भिंतीवर अक्षरांचा तक्ता आहे म्हणाला. मी विचारले, "कुठल्या भिंतीवर?" नलूने नाक ओढल्याचा आवाज ऐकू आला.

त्याने डोळ्यांत उजेड टाकून बराच वेळ पाहिले. "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा पुरता पिकलाय. तुम्ही इतके महिने चालत-फिरत होतात कसे?"

मी म्हटले, दिवे मिणमिणते झालेत असे वाटत होते.

मग त्याने खुर्ची जवळ ओढली आणि सहज विचारले, "रात्री माणसं दिसतात का?"

नलूने खांद्यावर हात ठेवला. मी म्हणालो, "दिसतात."

"कशी? बोलतात?"

"नाही. पगड्या घातलेली. एक बाई येते. तिच्या पदराचे बुट्टेसुद्धा मोजता येतात."

"माझ्या एका म्हाताऱ्या पेशंटला अंगणात हत्ती दिसायचे," तो म्हणाला. "झूल घातलेले, ओळीने. डोळ्यांतून आत काही जायचं बंद झालं की डोकं रिकामं बसत नाही. आपल्याजवळचंच काढून दाखवतं. दिसलेलं खोटं आहे हे सांगितल्यावर तुम्हाला पटतंय ना?"

"पटतंय."

"मग वेडबिड काही नाही. कान गेलेल्या माणसाला कानात घंटा ऐकू येते, तसंच हे."

मला विचारायचे होते ते तोंडातून निघेना. शेवटी म्हणालो, "ठाण्याला पाठवणार नाही?"

तो हसला नाही याचे उपकार विसरणार नाही. म्हणाला, "इस्पितळात पाठवणार आहे, पण डोळे कापायला. एप्रिलमध्ये."

रविवार, १८ मार्च

सकाळी नळावर गेलो. त्याच वेळी, तीच माणसे असतील अशा बेताने. म्हणालो, "शामरावाबद्दल मी बोललो ते साफ चुकीचं होतं. मला दिसत नव्हतं. आणि दिसत नाही हे कबूल करायची लाज वाटत होती. त्याची शिक्षा त्याला झाली. ती मला व्हायला हवी होती."

एक-दोघे बादल्या उचलून गेले. मला वाटले होते मन हलके होईल. तसे काही झाले नाही.

मग फडके ओले करून त्याच्या दारावरचा कोळसा पुसत बसलो. पुसला गेला की नाही ते मला दिसेना. रमाबाईंना विचारले. म्हणाल्या, "डावीकडचं अजून राहिलंय." पुसले. "आणखी थोडं वर." पुसले. मग त्यांनीच माझ्या हातातले फडके घेतले.

शामरावाला निरोप पाठवला आहे. उत्तर नाही. नसणारच.

रविवार, ८ एप्रिल, इस्पितळ

(अप्पा सांगतात, मी लिहिते. नलू.)

गुरुवारी उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. दोन्ही डोळ्यांवर पट्टी. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, मान हलवायची नाही. खोकलासुद्धा डॉक्टरांना विचारून काढायचा.

पट्टीच्या आतही पगडीवाले काल आले होते. पाच जण. डॉक्टर म्हणतात काही दिवस येतील. मी मनात म्हटले, या, बसा, तुमच्यासारखे गुपचूप बसणारे लोक या वॉर्डात दुसरे नाहीत.

डोळा उघडल्यावर काही दिसेल की नाही याची भीती वाटते. हे नलूला लिहायला सांगताना बरे वाटत नाही, पण वहीत खोटे नको.

इथला वॉर्डबॉय फार हळुवार आहे. संध्याकाळी येतो, उशी अशी सरकवतो की मान हलतच नाही. एक शब्द बोलत नाही. त्याच्या हाताला दवाखान्यासारखा वास येतो. बरोबरच आहे, इस्पितळातच असतो.

(अप्पा झोपले. हे त्यांनी सांगितलेले नाही, माझे आहे. वही हातात आली तेव्हा मागची पाने वाचली. वाचायला नको होती. अप्पा, मी चपला घालून झोपत नव्हते. तुम्ही वळलात म्हणून पळत जाऊन पडले होते. आणि मला वाटत होते मी तुम्हाला सांभाळते आहे, तर तुम्ही त्याच वेळी खिडकीशी उभे राहून मला सांभाळत होता. आणखी एक. संध्याकाळी येतो तो वॉर्डबॉय नाही.)

रविवार, २० मे

चष्मा आला. भिंग बाटलीच्या बुडाएवढे जाड. माझे डोळे त्यातून बैलासारखे दिसतात असे रमाबाईंनी सांगितले. दिसू देत. मला सगळे दिसते आहे. ताटातला मिठाचा दाणा दिसतो. वर्तमानपत्र आडव्या जाहिरातींसकट वाचून काढले, छपाई उत्तम आहे. शंभराच्या दिव्याकडे तर बघवत नाही.

नलू चहा घेऊन समोर आली. कानाजवळ तिचे केस पांढरे झालेले. किती तरी. मी पाहतच राहिलो तेव्हा म्हणाली, "काय झालं?" म्हटले, "काही नाही. तू आईसारखी दिसायला लागलीस." ती चटकन आत गेली.

समोरच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे आणि एक गंजलेला पिंजरा. आणखी काही नाही.

दुपारी या वहीतली तिची पाने वाचली. शेवटची ओळ चार वेळा वाचली. ज्याला मी घरातून घालवला त्याने रोज संध्याकाळी येऊन माझी उशी सारखी केली.

रविवार, २७ मे

आज लालबागला गेलो. नलूला म्हटले, चल, माफी टपालाने मागण्यासारखी नाही. ट्राममध्ये ती माझ्या शेजारी बसली होती, हातातला रुमाल पिळत. म्हटले, "तू कशाला घाबरतेस? चूक माझी आहे." ती खिडकीबाहेर पाहू लागली.

दहा बाय बाराची खोली. शामराव दारातच उभे होते, आम्हाला पाहून त्यांना काय करावे सुचेना. कपाळ उंच, भुवया जाड, हनुवटीवर व्रण. शेजारी राहून दोन वर्षे झाली आणि हा चेहरा मी आज पहिल्यांदा नीट पाहिला. त्यांचे वडील कुशाबा बाकड्यावर बसले होते, कापसाच्या धुळीने छाती भरलेली, बोलताना मध्ये दम खातात.

मी बसलो नाही. म्हणालो, "शामराव, मी चारचौघांत तुम्हाला नको ते बोललो. पुन्हा चारचौघांत मागेही घेतलं. पण तुमच्यासमोर म्हणायचं राहिलं होतं. माझं चुकलं. मला माफ करा, आणि तुमच्या खोलीत परत या. दार मी पुसलंय."

शामराव म्हणाले, "अप्पासाहेब, हे कशाला? बसा आधी."

कुशाबांनी मला बाकड्यावर ओढून बसवले. "झिलान माका सगळा सांगल्यान," ते मुलाकडे पाहत मालवणीत म्हणाले. "वायट वाटला. खोटा कशाक बोलू? खूप वायट वाटला. पण तुमका दिसत नाय हुता. आता दिसता मां?"

"दिसतं."

"मगे बघा तर." आणि त्यांनी हनुवटीने चुलीकडे दाखवले.

नलू चहा करायला उठली होती. फळीवर एकसारखे चार डबे होते. तिचा हात थेट तिसऱ्याकडे गेला. साखर निघाली. तीन कपांत साखर घातली, एकात नाही, आणि तो बिनसाखरेचा कप तिने न विचारता कुशाबांपुढे ठेवला. मग वर पाहिले. मी पाहतो आहे हे तिच्या लक्षात आले आणि ती जागच्या जागी थिजली. शामराव जमिनीकडे पाहू लागले.

"नलू," मी म्हटले, "किती दिवस?"

"दीड वर्ष, अप्पा."

खरे लिहितो. पहिला विचार आला तो नातेवाइकांचा. आम्ही पाठारे प्रभू, आमच्यात असे कोणी केलेले नाही, लग्नाकार्यात कोण येईल, कोण बोलेल. दुसरा विचार आला की दीड वर्ष ही मुलगी माझ्यासाठी थांबली आणि मी दिव्याला दोष देत बसलो. दुसरा विचार पहिल्यापेक्षा पुष्कळ जड होता.

चहा संपवला. कप खाली ठेवला. "कुशाबा, पुढच्या रविवारी तुम्ही दोघं आमच्याकडे या. बोलायचं आहे."

"जेवक?"

"जेवायलाच."

कुशाबा जरा घुटमळले. मग संकोचून विचारले, "तुमच्यात मासळी चलता मां?"

नलूला हसू आवरेना. मासळीशिवाय ज्यांचे पान हलत नाही त्या प्रभूंना असा प्रश्न आजवर कोणी विचारला नव्हता. तिच्यापाठोपाठ शामरावही हसले, आणि मग मीही.

"चालते," मी म्हटले. "बाजार मी स्वतः करीन. कल्ले लाल आहेत की नाहीत ते आता मला दिसतं."